गैरहजर माणसाचा अंगठा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते भिकाजी मास्तरांचे. हे नाव आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात मास्तर थोडे उणे दिसण्याचा संभव आहे, आणि वाचणाऱ्याने त्यांना तेवढ्यावरून तोलू नये. दाभोशाच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या माणसाचा मुलगा बी. ए. झाला तो त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. जव्हारला मास्तरांच्या पडवीत मी सात वर्षे राहिलो. त्यांच्या चुलीवरचे खाल्ले, त्यांच्या दिव्यापाशी वाचले. पुस्तकातली मराठी मला परकी वाटे. घरी आम्ही बोलत असू ती बोली वेगळी, तिचे हेल वेगळे. वर्गात मुले हसत तेव्हा मास्तर म्हणत, "त्याला दोन भाषा येतात. तुम्हाला एकच येते, तीही अर्धी." पुढे ठाण्याला, मग मुंबईला मी शिकायला गेलो तो त्यांच्या पत्रांच्या बळावर.

सध्या कापणीचे दिवस आहेत. शाळेच्या खिडकीतून समोरच्या खळ्यावरचा काठ्यांचा आवाज ऐकू येतो. नागलीची कणसे झोडपण्याचा आवाज भाताच्या झोडणीहून वेगळा असतो. बसका, जाड गोधडीवर मारल्यासारखा. तांबूस बारीक धूळ उडते आणि दुपारपर्यंत वर्गातल्या बाकांवर तिचा थर बसतो. माळावरची खुरासणी फुलून गेली आहे, पिवळा रंग फिका पडू लागला आहे. हवेला कोरडा, गोडसर वास आहे. हा वास आला की मला आंबील आठवते, आईच्या बोटांवरच्या चिरा आठवतात, आणि मग मनात नसताना एका पाड्याच्या चावडीतले टेबल आठवते.

संस्थानच्या सल्लागार मंडळाची निवडणूक यंदा पुन्हा कापणीतच आली आहे. पाड्यांवर मतांची नोंद घ्यायला जे नवे लेखनिक जाणार आहेत त्यांना दोन दिवस समजावून सांगावे, असा परवा कचेरीतून निरोप आला. मी हो म्हटले. काय सांगावे ते लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. तिसऱ्यावर हे लिहितो आहे.

तेव्हा मी नुकताच शिकून परत आलो होतो आणि मास्तरांच्याच हाताखाली शाळेत लागलो होतो. त्या साली संस्थानात एक सल्लागार मंडळ नेमायचे ठरले, आणि त्यात जंगलपट्टीतल्या पाड्यांचा एक सभासद लोकांनी स्वतः निवडून द्यायचा होता. ही गोष्ट आमच्याकडे इतकी नवी होती की बाजारात बायका विचारीत, निवडून दिलेल्या माणसाला मग ठेवायचे कुठे. उभे दोघे होते. एक लाकडाचे ठेकेदार, आणि दुसरा जामसरकडचा देवजी नावाचा भातशेती करणारा माणूस.

दोघांमध्ये भांडण एकाच गोष्टीचे होते, ते म्हणजे चिठ्ठीचे. पावसाळा संपला की जंगलतोडीचे काम सुरू होई. तोडीला लागलेल्या माणसाला हंगाम संपेपर्यंत ठेकेदाराच्या चिठ्ठीवाचून हद्दीबाहेर जाता येत नसे. खोडाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जिथे संस्थानची हद्द संपून इंग्रजी मुलूख लागे, तिथल्या नाक्यावर ठेकेदाराचा माणूस बसे आणि चिठ्ठी नसलेल्याला परत फिरवी. देवजी म्हणे, माणूस काम करील, पण जायचे-यायचे त्याचे त्याने ठरवावे. ठेकेदार म्हणत, मग तोड पुरी होणार नाही. मंडळात जो जाईल त्याचे म्हणणे वर ऐकले जाईल, एवढे सगळ्यांना कळले होते.

मास्तरांकडे काही पाड्यांच्या नोंदीचे काम आले आणि त्यांनी लेखनिक म्हणून मला घेतले. या कामासाठी माझे अक्षर त्यांना पुरेसे सुरेख वाटले, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

त्या पाड्याचे नाव मी लिहीत नाही. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा दरीतले धुके अजून वर चढत होते. चावडीपुढे माणसे उकिडवी बसली होती, काहींच्या हातात विळे होते. नियम साधा होता. ज्याला लिहिता येत नाही त्याने टेबलापाशी येऊन आपल्याला कोण हवा ते नाव सांगायचे, मी ते त्याच्या नावापुढे लिहायचे, आणि त्याने अंगठा उठवायचा. पाड्याचे म्होरके धाकल पाटील होते. अंगावर स्वच्छ बंडी, डोक्याला नवे फडके. ते सर्वांत आधी पुढे आले.

"आमचा पाडा ठेकेदाराला," ते म्हणाले. "लिव."

"एकेकाने येऊन सांगायचं आहे, पाटील."

"काय सांगाचा? त्यांनी माना सांगला, मी तुना सांगतू. तू तं दाभोशाचा ना? तुना रीत माहीत नाय?"

"शालेत जाऊन इसरला तो," मागून कोणी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मला रीत माहीत होती. पाड्याचे तोंड एक असते. लग्न ठरवायचे, देवाचा कौल मानायचा, पाणी कोणत्या शेतात आधी सोडायचे, सगळे रात्र रात्र बसून बोलतात, भांडतात, आणि उठताना पाटील एकच शब्द घेऊन उठतो. मग तो शब्द सगळ्यांचा. ठेकेदारांनी नुकत्याच झालेल्या वाघबारशीला पाड्याला बोकड दिला होता. तो वाघ्याला, म्हणजे वाघदेवाला, दाखवून सगळ्यांनी खाल्ला होता, आणि खाल्ल्यावर शब्द फिरवायचा नसतो.

मी मास्तरांकडे पाहिले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांच्या रीतीने घे. आपण त्यांना शिकवायला आलेलो नाही."

मग माणसे एकामागून एक येऊ लागली. कोणी काही बोलले नाही. मी नाव वाचायचो, पुढे 'ठेकेदार' लिहायचो, तो माणूस अंगठा उठवायचा आणि अंगठ्याची शाई विळ्याच्या मुठीला पुसत शेताकडे जायचा. काम भराभर चालले होते. शेवटी चार नावे उरली. ते चौघे तोडीवर गेले होते. धाकल पाटील पुढे झाले आणि त्या चार नावांपुढे त्यांनी आपलाच अंगठा उठवला. त्यांच्या मनात काही कपट नव्हते, हे मी आज शपथेवर सांगेन. वाघबारशीला ज्या घरचा माणूस हजर नसतो त्या घरचे तांदूळ वाघ्यापुढे पाटीलच ठेवतो. न ठेवले तर ते घर उघडे राहते. त्यांच्या मते ते त्या चार घरांना झाकत होते. मला मात्र नियम वाचता येत होता. तरी शाईची गादी त्यांच्या हाताखाली मीच सरकवली.

आम्ही कागद गुंडाळत होतो तेव्हा एक माणूस धापा टाकत आला. खांद्यावर कुऱ्हाड, केसांत लाकडाचा भुसा. त्याने आपले नाव लखमा सांगितले. अंगात ताप आहे असे मुकादमाला सांगून तो तोडीवरून निसटून आला होता.

"माना देवजीला देयाचा हाये," तो म्हणाला.

मी कागद पुन्हा उलगडला. त्याच्या नावापुढे लिहून झाले होते, खाली अंगठा होता. मी ते त्याला वाचून दाखवले. त्याने वाकून अंगठ्याकडे नीट पाहिले, जसे कोणी पायाचा ठसा पाहते.

"हा मोठा हाये," तो म्हणाला. "हा पाटलाचा."

धाकल पाटील तिथेच होते. "तू नव्हतास. मी झाकला तुझा घर."

"पाटीलबाबा, माझ्या लग्नात माझ्या बदली तू नाचलास काय?"

कोणीतरी खुसखुसले. पाटील हसले नाहीत. "बोकड खाल्लास ना तू?"

"खाल्ला. चिवट होता. त्याच्या बदली मी ठेकेदाराला एक दिस फुकट लाकडा तोडून देईन. पण बायको नाय देयाचा मी." मग तो माझ्याकडे वळला. त्याची बायको बाळंतपणाला खोडाळ्याला माहेरी गेली होती. श्रावणात मुलगी झाली. तेव्हा ओढे भरलेले होते, जाता आले नाही. पाणी उतरले तोवर तोड सुरू झाली. दोनदा चिठ्ठी मागितली, मिळाली नाही. "तीन महिन्यांची झाली," तो म्हणाला. "लोक सांगतात माझ्यासारखी दिसते. लोकांचा काय, लोक काय पण सांगतात. तू लिव देवजी."

"आता लिहिता येणार नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "नोंद झाली आहे."

लखमाने वाद घातला नाही. तो कुऱ्हाड खांद्यावर घेऊन आल्या वाटेने गेला. तापाचा माणूस संध्याकाळपर्यंत परतला नाही तर मुकादम शोधायला येईल, हे त्याला ठाऊक होते.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत आम्ही दोघेच होतो. गाडीवान पुढे चालत होता. दोन्ही बाजूंना भाताचे भारे रचलेले होते, आणि कापलेल्या शेतांत बगळे उतरले होते. मी बराच वेळ धीर गोळा करून म्हणालो, "मास्तर, ती चार नावं आपण खोडू या."

"चार खोडलीस तर बाकीची का ठेवायची? तीही एकानेच सांगितली. सगळा कागद खोटा ठरेल."

तेच तर खरे होते.

"ठेकेदारांनी सागाचे वासे कबूल केलेत," मास्तर म्हणाले. "बोर्डिंगसाठी. पाड्यांवरची वीस मुलं राहतील, सखाराम. पावसात रोज दोन कोस चालणारी मुलं. माझी पडवी तेवढ्यांना पुरत नाही. मंडळ एकदा होऊ दे, चिठ्ठीचंही मी स्वतः बोलेन."

"त्याने पोरीचं तोंड पाहिलेलं नाही."

मास्तर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तूही सात वर्षं घर सोडून राहिलास. बरंच झालं ना तुझं?"

याला उत्तर होते, पण ते मला त्या गाडीत सुचले नाही. चार दिवसांनी सुचले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर त्यांनी कागद पुढे केला आणि मी त्यांच्या सहीखाली सही केली. सहीच्या वर एक ओळ होती: प्रत्येक मतदाराने स्वतः सांगितल्याप्रमाणे ही नोंद आमच्यासमक्ष केली आहे. ती ओळही माझ्याच सुरेख अक्षरात होती.

दिवाळीची सुट्टी लागली होती. घरच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरे तुटली होती, नवी आणायला मी खोडाळ्याच्या बाजाराला निघालो. नाक्यावर पाच-सहा माणसे थांबली होती. त्यांत लखमा होता. पाठीला नव्या नागलीचे गाठोडे, हातात बांबूच्या कामट्यांचा एक लहान खुळखुळा. नाक्यावरचा माणूस मान हलवून त्याला परत जायला सांगत होता, फारसा रागावूनही नाही. त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मला कोणी काही विचारले नाही. माझ्या अंगात कोट होता.

लखमाने मला ओळखले. "मास्तर," तो म्हणाला, "पाटलाचा अंगठा तुमच्या कागदावर चालला. इथं चालतो का विचारा ना."

बाकीची माणसे हसली. नाक्यावरचाही हसला. मी काहीतरी पुटपुटून पलीकडे गेलो. बाजारात घुंगरे घेतली, दोन जोड, हातात धरून वाजवून पाहिली. त्याच्या बायकोचे माहेर कोणत्या वाडीत, ते मी विचारले सुद्धा नाही. त्या दिवशी मी नाक्यावरून चार पावले टाकली आणि इंग्रजी मुलखात होतो, आणि माझ्यात नि लखमात फरक एवढाच होता की माझ्यासाठी कोणीतरी वेळेवर पत्रे लिहिली होती. परत येताना तो नाक्यावर नव्हता. घरी आलो आणि पत्र लिहिले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सांगून माझी मान उंच होत नाही. पत्र सकाळी मास्तरांकडे गेले. दुपारपर्यंत त्यांच्याकडून काही आले नाही, तेव्हा माझे दुसरे पत्र कचेरीत गेले. चौकशी झाली, त्या पाड्याची नोंद रद्द झाली, दुसरा अधिकारी गेला आणि एकेका माणसाला चावडीत एकट्याला बोलावून विचारले. बहुतेकांनी ठेकेदारांचेच नाव सांगितले. बोकडाचा शब्द त्यांनी पाळला. लखमाने आणि आणखी दोघांनी देवजी म्हटले. ठेकेदार निवडून आले, आणि सागाचे वासे त्यांनी दिले नाहीत. बोर्डिंग बरीच वर्षे रखडले. पुढच्या पावसाळ्यात दोन मुले शाळा सोडून गेली. त्यांची नावे मला पाठ आहेत. मास्तरांनी पडवीला कुडाची भिंत घालून आणखी पाच मुले घरात घेतली.

धाकल पाटील मला एकदा बाजारात भेटले. "तू आमचा तोंड फोडलास," ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते दुःखाने म्हणाले. त्यांचे म्हणणे मी पुष्कळदा मनात घोळवले आहे. फुकट कोंबडी मागायला किंवा वेठीला माणूस न्यायला कोणी पाड्यावर आला, की याच एका तोंडाने पाड्याला वाचवले होते. एकेकटा माणूस 'नाही' म्हणू शकत नाही तिथे पाडा म्हणू शकतो. ते तोंड माझ्या पत्राने थोडे तरी चिरले. पण त्याच तोंडात लखमाचे तोंड बंद झाले होते, आणि ते बंद करायला शाई मी पुरवली होती. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

लखमा त्या हंगामात नाका टाळून डोंगराच्या अंगाने खोडाळ्याला गेला आणि परत आला नाही. पाड्यावरचे त्याचे झोपडे दोन पावसाळ्यांत बसले. चिठ्ठी पुढे काही वर्षांनी आपोआप बंद पडली. कोणामुळे, ते कोणी सांगत नाही.

मास्तर मला कधी एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून "अरे सखाराम" संपले. मी ओट्यावर गेलो की ते उठून म्हणत, "या, सखारामपंत. बसा." आईची चौकशी करत, शाळेचे विचारत. मी दर कापणीला नव्या नागलीची पायली त्यांच्या घरी नेऊन देत असे, ती ठेवून घेत. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. 'पंत' हा शब्द मी इतकी वर्षे वागवला. दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले.

नव्या लेखनिकांना नियम सांगायला वेळ लागणार नाही. नियम छापलेले आहेत. त्यांच्यातही कोणी एखाद्या पडवीत वाढलेला असेल, कोणाच्या तरी चांगुलपणाखाली दबलेला असेल. त्याला मी मास्तरांना तेव्हा लिहिलेले पत्र वाचून दाखवणार आहे. पत्र धाडण्याआधी त्याची कच्ची प्रत ठेवावी, ही मास्तरांचीच शिकवण, म्हणून ते माझ्यापाशी आहे.

"तीर्थस्वरूप भिकाजी मास्तर यांचे सेवेशी,

सखारामाचा साष्टांग नमस्कार.

पाड्याच्या नोंदीवर मी केलेली सही खोटी आहे. प्रत्येकाने स्वतः सांगितले असे त्यात लिहिले आहे. कोणीच स्वतः सांगितले नाही, आणि चौघे तर तिथे नव्हतेही. हे मी आज कचेरीला कळवणार आहे. ते पत्र दुपारी जाईल. आपल्याला आधी कळावे म्हणून हे सकाळी पाठवतो. तोवर आपणच कळवलेत तर माझे पत्र मी फाडून टाकीन, आणि मला त्याहून मोठे सुख नाही.

यात आपला काही लोभ नव्हता हे मी जाणतो. बोर्डिंग माझ्यासारख्यांसाठीच होते. माझे अक्षर, माझी भाषा, अंगावरचा कोट, सगळे आपले दिलेले आहे. हे पत्रही त्याच अक्षरात लिहितो आहे, याची मला लाज वाटते आणि दुसरे अक्षर माझ्यापाशी नाही.

गाडीत आपण विचारलेत, तूही सात वर्षे घर सोडून राहिलास, बरेच झाले ना तुझे? माझे बरे झाले. पण मला नेण्याआधी आपण दाभोशाला चार वेळा चालत आला होतात. बाप तीनदा नाही म्हणाला, आणि तीनही वेळा आपण ओट्यावर पाणी पिऊन, रागावल्याशिवाय परत गेलात. चौथ्या वेळी तो हो म्हणाला, तेव्हा आपण मला बाजूला घेऊन विचारलेत, तुला यायचे आहे का. मी आठ वर्षांचा होतो. त्याआधी मला कोणी काही विचारले नव्हते.

लखमाला अजून कोणी विचारलेले नाही.

आपला
सखाराम"